सरकारी रस्ता म्हणजे कोणाचा रस्ता?



‘सरकारी रस्ता आहे, कोण विचारतो?’ हे वाक्य आपल्या गावांत आणि वाड्यावस्त्यांवर नेहमी ऐकू येते. पाइपलाइनसाठी डांबर फोडताना ते म्हटले जाते. लग्नाच्या मांडवाचे खांब रोवण्यासाठी रस्त्यात पहार मारताना म्हटले जाते. आणि पुढे खड्डा पडला, की कपाळाला आठ्या घालून ‘सरकारी रस्ता आहे, कोण बघतो?’ असेही म्हटले जाते. रस्ता मोडताना ‘सरकारी’ म्हणजे कोणाचाच नाही. मोडल्यावर ‘सरकारी’ म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी. दोन्ही वेळा तो आपला नसतो. या रविवारी आपण याच प्रश्नाचा विचार करूया, की जी वस्तू सर्वांची आहे, ती जपण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

आधी हा रस्ता आला कोठून ते पाहू. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. त्या काळात महाराष्ट्रातील लाखो स्त्री-पुरुष पोटासाठी सरकारी कामांवर गेले. कोणी तलावावर, कोणी नालाबांधावर, तर कोणी रस्त्यावर. भर उन्हात बायका खडी फोडत बसल्या. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. राज्यातील कितीतरी गावरस्त्यांवर पहिली माती अशाच हातांनी पडली. त्यातले बरेच रस्ते मातीकामापाशीच थांबले आणि दोन-चार पावसाळ्यांत वाहून गेले, कारण काम देण्याची सोय झाली होती, केलेले काम राखण्याची झाली नव्हती. रस्ता वाहून गेला तेव्हा नुसती माती गेली नाही. उपाशी माणसांचे श्रम वाहून गेले.

पुढे २५ डिसेंबर २००० रोजी, म्हणजे नाताळच्या दिवशी, प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. ज्या वस्तीला पावसाळ्यात चालू राहील असा एकही रस्ता नाही, तिला निदान एक बारमाही रस्ता मिळावा, हा तिचा हेतू. सपाट प्रदेशात ५०० आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या वस्त्या, तर डोंगराळ, वाळवंटी व आदिवासी भागात २५० आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या वस्त्या तिच्यात धरल्या गेल्या. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली मुख्यमंत्री ग्रामसडक योजनाही सुरू केली. आजवर एकट्या प्रधानमंत्री योजनेतून देशात ७ लाख किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते झाले आहेत. पावसाळ्यात आजाऱ्याला बाजेवर घालून डांबरी सडकेपर्यंत चिखल तुडवत नेणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या आकड्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या रस्त्यांचा पैसा कोणी दिला? २००० सालच्या केंद्रीय मार्ग निधी कायद्याने डिझेलवरील उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांसाठी ठेवला. सुरुवातीला बांधकामाचा सारा खर्च केंद्र सरकार करत असे. २०१५-१६ पासून महाराष्ट्रासारख्या राज्याला ४० टक्के वाटा उचलावा लागू लागला. म्हणजे ज्याने ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरले त्याने पैसे दिले, आणि जिने बाजाराला जाताना एसटीचे तिकीट काढले तिनेही दिले. ज्याच्या स्वतःच्या वस्तीला अजून रस्ता नाही, त्यानेही तुमच्या-आमच्या रस्त्यासाठी पैसे दिले आहेत. उद्घाटनाच्या पाटीवर ‘यांच्या प्रयत्नाने’ असे लिहून चार-दोन नावे दिलेली असतात. प्रयत्न त्यांचे असतीलही. पण पाटीवर न मावणारी नावे फार मोठी आहेत.

शिवाय पैशापलीकडचेही एक देणे आहे. प्रधानमंत्री योजनेत जमीन घेण्यासाठी केंद्राकडून पैसा मिळत नाही. त्यामुळे रस्ता रुंद करायचा, तर पुष्कळदा शेतकऱ्यांनी बांधालगतची पट्टी आपणहून सोडावी लागते. दहा एकरवाल्याने दोन गुंठे सोडले, तर त्याच्या जमिनीचा दोनशेवा भाग जातो. एका एकरवाल्याने तेवढेच सोडले, तर विसावा भाग जातो. दोघांचे दान कागदावर सारखे दिसते, पण ते सारखे नसते. ज्या डांबरावर आपण गाडी पळवतो, त्याखाली कोणाच्या तरी ज्वारीची, कोणाच्या तरी घासाची जागा आहे. तो रस्ता आपण हयगयीने मोडू दिला, तर त्या माणसाची जमीनही गेली आणि रस्ताही गेला.

मग रस्ता मोडतो कसा? जाणकार सांगतात, की डांबरी रस्त्याचा सर्वांत मोठा शत्रू पाणी. म्हणून रस्ता मधोमध किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरता ठेवतात. बाजूला गटार आणि जागोजाग मोऱ्या असतात. मोरी बुजली, की पाणी तुंबते, साइडपट्टी मऊ होते, पाणी खडीच्या थरांत शिरते. त्यावरून उसाने खचाखच भरलेली ट्रॉली गेली, की खालचा थर दबतो आणि वरचे डांबर तडकते. त्या तडेतून आणखी पाणी शिरते. आज तळहाताएवढा असलेला खड्डा पावसाळा संपेपर्यंत पाटाएवढा होतो. सुरुवातीला जे काम एका फावड्याने झाले असते, त्याला पुढे रोलर आणावा लागतो.

आता मोरी बुजते कशी, हेही आपण प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. कधी ती गाळाने भरते. पण कधी शेतात जायला वाट हवी म्हणून गटारात मुरूम टाकला जातो. कधी नांगर साइडपट्टीपर्यंत आणला जातो, कारण तेवढाच एक तास जास्त निघतो. कधी घराचे सांडपाणी रस्त्यावर सोडले जाते. कधी पाइपासाठी रस्ता आडवा खोदला जातो आणि चर मातीने बुजवून माणूस मोकळा होतो. यातला कोणीही दुष्ट नसतो. प्रत्येकाचा हिशेब एकच असतो: ‘माझ्या एवढ्याशा चरीने काय बिघडते?’ आणि खरोखर, एका चरीने फारसे बिघडतही नाही. परंतु चाळीस घरांनी हाच हिशेब केला, तर रस्ता राहत नाही. ज्या अन्यायात प्रत्येकाचा वाटा चिमूटभर असतो, तो अन्याय ओळखणे सर्वांत अवघड असते, कारण कोणाचेच मन त्याला खात नाही.

त्याची किंमत मात्र सारखी वाटली जात नाही. ज्याच्या दारात जीप आहे, तो खड्डे चुकवत, हादरे खात का होईना, पोहोचतो. सायकलवरून शाळेत जाणारी मुलगी पडते. रस्ता खराब म्हणून एसटी वस्तीवर येणे बंद करते, आणि मग ती मुलगी आठवी-नववीतच घरी बसते. दूध संकलन केंद्रावर वेळेत पोहोचत नाही. अडलेल्या बाईला रुग्णवाहिकेत एकेक खड्डा जाणवतो. चर खोदणारा एक असतो, आणि ती भोगणारा दुसराच. म्हणूनच रस्ता जपणे ही नुसती व्यवस्थेची बाब नाही. ती न्यायाची बाब आहे.

पूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्यावर मैलकुली असे. ठरावीक मैलांचा रस्ता त्याच्याकडे सोपवलेला असे. फावडे, घमेले आणि कोयता घेऊन तो रोज फिरायचा, गटार मोकळे करायचा, झुडपे छाटायचा, लहानसा खड्डा वेळीच भरायचा. मैलकुली हळूहळू कमी होत गेले. त्याच्या कामासाठी कधी नारळ फुटला नाही, की कोणी त्याला हार घातला नाही. बांधणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाते. राखणाऱ्याचे काम तर त्याने ते नीट केले की दिसतच नाही. आपल्या घरातही असेच नाही का? घर बांधणाऱ्याचे कौतुक होते, आणि ते रोज सारवून-झाडून उभे ठेवणारीचे होत नाही.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. तीही एका रस्त्यावरच घडते. त्याने जखमी माणसाच्या जखमा बांधल्या, हे आपल्या लक्षात राहते. पण पुढचे आपण चटकन विसरतो. उतारशाळेच्या मालकाकडे त्याने पैसे ठेवले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना तोही भरून देण्याचे वचन दिले. त्याचे प्रेम पहिल्या दिवशी संपले नाही. त्याने उद्याची सोय केली. कोणतेही चांगले काम या ‘परत येताना’च्या कसोटीवर उतरले पाहिजे.

येथे काहीजण विचारतील, ‘आम्ही कर भरतो. देखभाल सरकारने करावी. आम्ही का फावडे उचलायचे?’ हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बांधकामानंतरची पाच वर्षे देखभालीची जबाबदारी त्याच ठेकेदारावर असते. खड्डे भरणे, साइडपट्ट्या नीट ठेवणे, गटारे व मोऱ्या साफ करणे, झुडपे काढणे हे सारे त्यात येते, आणि त्यासाठीची रक्कम राज्य शासनाने द्यायची असते. रस्त्याच्या तोंडाशी जो फलक असतो, त्यावर लांबी, खर्च, ठेकेदाराचे नाव आणि देखभालीची माहिती लिहिलेली असते. आपल्यापैकी किती जणांनी तो थांबून वाचला आहे?

अशा रस्त्यावरचे खड्डे आपण मुकाट्याने भरले, तर ज्या कामाचे पैसे ठरलेले आहेत ते काम आपण फुकट केले, असे होते. मग श्रमदान दुसऱ्याच्या कामचुकारपणावर पांघरूण घालते. दुसरीकडे, ‘ठेकेदाराचे काम आहे’ म्हणून आपण हात बांधून बसलो आणि त्याच खड्ड्यात रात्री कोणाची मोटारसायकल गेली, तर ‘ते माझे काम नव्हते’ हे उत्तर आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला पुरेल काय?

आम्हांला वाटते, की दोन्ही कर्तव्ये खरी आहेत आणि एक केल्याने दुसऱ्यातून सुटका होत नाही. जीव धोक्यात असेल तेथे आधी खड्डा भरावा. तोही मातीने भरू नये, कारण पहिल्या सरीला तिचा चिखल होतो. खडी-मुरूम घालून ठोकून भरावा. पण भरण्यापूर्वी त्याचा फोटो काढावा आणि त्याच आठवड्यात अर्ज द्यावा. ग्रामसभेत विषय मांडावा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. देखभालीवर किती खर्च झाला, हे त्याखाली विचारता येते. हक्काने विचारणे म्हणजे भांडण नव्हे. जे दहा जणांचे आहे त्याबद्दल गप्प राहणारा माणूस शांतताप्रिय असतोच असे नाही. कधीकधी तो फक्त आळशी असतो.

पाच वर्षे संपल्यावर तर अधिक जागे राहावे लागते. तेव्हा ठेकेदार सुटतो, रस्ता बहुधा जिल्हा परिषदेच्या पदरात पडतो, आणि वरचा थर नव्याने देण्याची वेळही साधारण त्याच सुमारास येते. नव्या रस्त्यासाठी आग्रह धरणारे पुष्कळ असतात, जुन्यासाठी बोलणारे कोणी नसते. रस्ता पोरका होतो तो तेव्हा.

आणखी एका वस्तीचा विचार आपण करायला हवा. सपाट भागातल्या ज्या एकाकी वस्तीत ४९० माणसे राहतात, तिचे काय? नियम करताना कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघेखाली राहिलेल्या माणसांच्या पायांना चिखल तेवढाच लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये या योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला, तो रस्त्याने न जोडलेल्या २५ हजार वस्त्यांसाठी. म्हणजे योजना सुरू होऊन जवळजवळ चोवीस वर्षे झाली तरी देशात एवढ्या वस्त्या वाट पाहत होत्या. सरकारची तिजोरी अखेर लोकांच्याच पैशाची. जो रस्ता नीट राखला असता तर टिकला असता, तो पुन्हा मुळापासून बांधावा लागला, तर तो पैसा कोणाच्या तरी पहिल्या रस्त्याच्या वाट्यातून जातो. आपल्या मोरीतला गाळ आणि दूरच्या पाड्यावरची ती वाट पाहणारी माणसे यांचा असा संबंध आहे. ती माणसे आपल्याला दिसत नाहीत, म्हणून तो संबंध नाहीसा होत नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, पावसाळ्याआधीच्या एखाद्या रविवारी, मिस्सानंतर, प्रत्येक वस्तीतल्या चार-सहा जणांनी आपला रस्ता एकदा पायी चालून पाहावा. फलक वाचावा. ज्याच्या बांधालगत मोरी आहे त्याने ती मोकळी करावी, आणि ज्याने गटारात मुरूम टाकला आहे त्याने तेथे नळी टाकून पाण्याला वाट द्यावी. उसाच्या ट्रॉलीत किती भरायचे, हे मालकांनी आपसांत ठरवावे. पाइपासाठी रस्ता ओलांडायचाच असेल, तर परवानगी घ्यावी आणि रस्ता होता तसा करून द्यावा. उरलेल्या कामांची यादी करून ग्रामपंचायतीत द्यावी आणि महिनाभराने ‘काय झाले?’ असे विचारायला पुन्हा जावे.

यातले कोणतेही काम फार मोठे नाही, आणि यासाठी कोणी आपल्याला हार घालणार नाही. पण जुलै महिन्यातल्या एखाद्या रात्री आपल्या वस्तीवर रुग्णवाहिका न अडकता पोहोचेल, आणि तिच्यातल्या बाईला हेही कळणार नाही, की कोणीतरी मे महिन्यात एक मोरी उघडली होती.