गौरीचा दिवस

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात दर मे महिन्यात शाळेच्या पटांगणावर मुलांचं शिबिर भरायचं. आठ ते बारा वर्षांची तीसेक मुलं सकाळी आठला यायची आणि अकराला घरी जायची. शिबिर चालवायच्या निवृत्त शिक्षिका सुमनताई. लहानपणापासून त्या राष्ट्र सेवादलाच्या शाखेत वाढलेल्या. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, कार्यक्रम आपण आखायचा नाही. दहावीची परीक्षा दिलेले मंदार आणि अस्मिता आखतील.

मंदार कबड्डीपटू. त्याने वहीत भराभर खेळ लिहिले. अस्मिताला गाणी आणि कागदकामाची आवड. तिने बरेचसे खेळ खोडले. वाद झाला आणि शेवटी समेटही झाला: अर्ध्या-अर्ध्या तासाचे सहा कार्यक्रम, तीन मंदारचे, तीन अस्मिताचे. डॉजबॉल, कागदकाम, संगीत खुर्ची, समूहगीत, लंगडी, गोष्ट.

“बघा ताई, अगदी समतोल!” मंदार म्हणाला.

ताईंनी तक्ता वाचला. त्यातली खोट त्यांना दिसली, पण त्यांनी पेन उचललं नाही. एवढंच विचारलं, “पाणी कुठे ठेवणार? ऊन वर आल्यावर लंगडी कुठे खेळवणार?” पोरांनी पिंपाची जागा ठरवली, लंगडी वडाच्या सावलीत घेतली. मग ताई म्हणाल्या, “उद्या कार्यक्रम बाकीचे दादा-ताई चालवतील. तुम्ही दोघांनी एकेक मूल निवडायचं आणि ते काय करतंय ते वेळेनिशी लिहायचं. त्याला कळू द्यायचं नाही.”

मंदारने आठ वर्षांची गौरी निवडली आणि अस्मिताने बारा वर्षांचा समीर.

दुसऱ्या दिवशी अकरानंतर तिघं ओट्यावर बसली. मंदार वही वाचू लागला.

“आठ वाजून पाच. डॉजबॉल. पहिल्याच चेंडूला गौरी बाद, कडेला बसली. सव्वाआठ, दुसरा डाव. पुन्हा लगेच बाद. साडेआठ, कागदकाम. कात्र्या चार. गौरी थांबली. आठ पन्नासला कात्री मिळाली. नऊला वेळ संपली, फूल अर्धंच राहिलं. संगीत खुर्ची, पहिल्या फेरीत बाद. साडेनऊ, गाणं. चाल माहीत नाही, मागे बसून नुसते ओठ हलवत होती. दहा, लंगडी. तिची पाळीच आली नाही. साडेदहा, गोष्ट. ऐकली. एकदा हसली.”

त्याने आकडेमोड केली. गोष्ट सोडली तर तीन तासांत गौरीने स्वतः काही केलं ते जेमतेम पंधरा मिनिटं.

“पण ताई, तिला खेळताच येत नाही,” तो म्हणाला.

“येणार कसं? ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच आपण सगळ्यात आधी बाहेर बसवतो.”

अस्मिताची नोंद वेगळी होती. समीर प्रत्येक खेळात शेवटपर्यंत टिकला. कागदकामात कात्री पहिल्यांदा त्यानेच पटकावली, पाच मिनिटांत फूल कापलं आणि उरलेला वेळ दुसऱ्यांचे कागद ओढले. “त्याला दिवसभर जिंकायला मिळालं,” ती म्हणाली, “पण नवं काहीच शिकायला मिळालं नाही.”

दोघं गप्प झाली. मग मंदारने वही पुढे ओढली. “उद्या प्रत्येकाला मोजून पाच-पाच मिनिटं देतो. सगळ्यांना सारखं.”

“तीस मुलांच्या रांगा लागतील,” ताई म्हणाल्या. “वेळ सारखा वाटू नकोस. काम असं निवड की सगळ्यांचे हात एकाच वेळी चालतील.” मग त्या सेवादलाबद्दल बोलल्या. “1941 साली सेवादल सुरू झालं, एस. एम. जोशी दलप्रमुख. शाखेत मैदानी खेळ असायचे, समूहगीतं असायची आणि बौद्धिकही असायचं. खेळासाठी आलेलं पोर गाण्यात रमायचं आणि हळूहळू चर्चेत तोंड उघडायचं. मैदानावर मागे पडणारं पोर कलापथकात पुढे यायचं. निळू फुल्यांसारखा नट त्या कलापथकातूनच घडला. एक दार बंद असलं तर दुसरं उघडं हवं, म्हणून तिथे इतके प्रकार.”

तक्ता नव्याने झाला. डाव्या बाजूला तीस नावं आणि वर पाच रकाने: धावणं, हाताचं काम, गाणं-नाट्य, डोकं चालवणं, दुसऱ्यासाठी काही करणं. डॉजबॉलच्या जागी मंदारने विषामृत घेतलं, कारण त्यात विष मिळून बसलेल्याला साथीदार अमृत देऊन उठवतो. संगीत खुर्चीऐवजी साखळी आली. तिच्यात पकडलेला बाहेर जात नाही, साखळीत हात धरून पकडायला लागतो. पळापळ सकाळच्या गारव्यात ठेवली. त्यानंतर लगेच कागद हातात दिला तर घामाने भिजतो, हे आदल्या दिवशी दिसलं होतं. म्हणून मध्ये पाणी आणि हातवाऱ्यांचं गाणं आलं, चाल आधी शिकवून. चार कात्र्यांसाठी चार गट केले: एक गट कागद कापेल, दुसरा कोडी घालेल, तिसरा नाटुकलं बसवेल, चौथा शाळेची झाडं शिंपेल. वीस-वीस मिनिटांनी अदलाबदल. समीरला नाटुकल्यात म्हाताऱ्याचं काम दिलं. पळण्याची सवय असलेल्या पोराला कमरेत वाकून सावकाश चालायला शिकावं लागलं आणि त्यात तो चांगलाच गुंतला.

नव्या तक्त्याच्या पहिल्या सकाळी विषामृतात समीरला विष मिळालं. तो उकिडवा बसून ओरडत होता. सगळे मोठे गडी लांब पळालेले. गौरी जवळच होती. राज्य असलेल्या मुलाची पाठ वळली तशी ती वाकून धावली, समीरच्या पाठीवर थाप मारली आणि “अमृत!” म्हणून किंचाळली. समीर उठला आणि दोघं दोन दिशांना पळाली.

मंदारने त्या दिवशीही वही लिहिली. गौरीच्या नावापुढे चार खुणा झाल्या. गाणं-नाट्याचा रकाना मात्र कोराच होता, कारण नाटुकल्यात तिने बोलायला नकार दिला होता. “तिला बोलायला लावू का?” त्याने विचारलं.

“जबरदस्ती करू नकोस. झांजा वाजवशील का, विचार. प्रत्येक मुलाचे पाचही रकाने एका दिवसात भरले पाहिजेत असं नाही. शिबिर संपेपर्यंत कोरे राहू नयेत, एवढं बघ.”

पुढे रोज अकरानंतर सगळे दादा-ताई ओट्यावर जमू लागले. दर दिवशी वेगवेगळ्या मुलांची नोंद वाचली जायची आणि दुसऱ्या दिवसाचा तक्ता त्यावरून ठरायचा. शेवटच्या आठवड्यात ताईंना बोलावंच लागत नसे. कोणी एखादा खेळ सुचवला की दुसरा विचारायचा, “यात बाद झालेला काय करणार?”

ताईंना पहिला तक्ता पाच मिनिटांत दुरुस्त करता आला असता. तसं केलं असतं, तर पोरांकडे एक चांगला तक्ता आला असता आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा ताईंच्या तोंडाकडे बघत बसली असती.

तात्पर्य: कार्यक्रम समतोल आहे की नाही, हे कागदावरच्या वाटणीवरून ठरवू नये. सगळ्यात मागे राहणाऱ्या मुलाच्या आणि सगळ्यात पुढे असणाऱ्या मुलाच्या वाट्याला काय आलं, ते पाहावं. आणि ज्यांना पुढे जबाबदारी घ्यायची आहे, त्यांना उत्तर सांगण्याऐवजी ते पाहायला शिकवावं.