बांध कोणाचा?

दोन-चार एकरांचा तुकडा हाती आला, सातबाऱ्यावर नाव चढले, आणि पहिल्याच पेरणीला शेजाऱ्याने नांगराची दोन तासे बांधात घालून बांध कोरला. अशा वेळी बौद्ध उपासकाने काय करावे? प्रश्न लहान दिसतो. परंतु ज्याच्या बापजाद्यांना जमिनीचे धनीपण कधी लाभले नाही, त्याच्या घरात या प्रश्नाने रात्रीची झोप उडते.

नाशिक जिल्ह्याला हा प्रश्न जवळचा आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. २००४ साली शासनाने त्यांच्याच नावाने योजना आणली. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यावी, अशी ती योजना. जमीन कशी मागावी हे दादासाहेबांनी शिकविले. मिळाल्यावर शेजाऱ्याशी कसे वागावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे राहिले.

घरात अशा वेळी दोन सल्ले मिळतात. म्हातारे म्हणतात, "हातभर जमिनीपायी गावाशी वाकडे कशाला? सोडून दे बाबा." पोरगा म्हणतो, "आज वीतभर सोडली तर उद्या वावर जाईल. मी बघतो त्याच्याकडे." म्हाताऱ्याच्या सल्ल्याला आपण मैत्री म्हणतो आणि पोराच्या सल्ल्याला स्वाभिमान. मला ही दोन्ही नावे चुकीची वाटतात. भीतीने सोडलेली जमीन म्हणजे दान नव्हे. ज्याला 'देत नाही' असे म्हणण्याची सोय आहे, त्यानेच दिले तर ते दान. पोराचा रागही खराच आहे. पण तो राग या शेजाऱ्यावरचा आहे, की आजोबाला वेशीबाहेर उभे करणाऱ्या साऱ्या गावावरचा आहे, हे त्याने स्वतःला विचारलेले नसते.

येथे रोहिणी नदीची आठवण ठेवावी. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहणे हे नाही. कारण आहे शेजाऱ्यांचे भांडण. शाक्य आणि कोलिय रोहिणीच्या पाण्यावर शेती करीत. पाणी आधी कोणी घ्यावयाचे यावरून दोन्हीकडच्या सेवकांत मारामारी झाली, दोन्हीकडे माणसे जखमी झाली. सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. त्या सभेत सिद्धार्थ उभा राहिला आणि म्हणाला की आगळीक आपल्याही माणसांनी केल्याचे कानावर आहे, तेव्हा आधी चौकशी व्हावी. दोन माणसे आपण निवडावी, दोन कोलियांनी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निकाल द्यावा. ठराव मोठ्या बहुमताने पडला.

सिद्धार्थाने पाण्यावरचा हक्क सोडा असे म्हटले नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. हक्क किती, हे आपण एकट्याने ठरवू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते. विरोध सोडला नाही तर कुटुंबावर बहिष्कार पडेल आणि जमिनी जप्त होतील, असे सेनापतीने बजावले. तेव्हा त्याने स्वतः शिक्षा पत्करली, पण घरच्यांची जमीन काढून घेऊ नका, ती त्यांच्या पोटाचे साधन आहे, अशी विनवणी केली. ज्याला सर्वस्व सोडावयाचे होते, त्यालाही जमिनीची किंमत कळत होती.

पुढे राजगृहात त्याला बातमी कळते की लोकांनी युद्धाविरुद्ध आवाज उठविला, शाक्य-कोलियांचे प्रतिनिधी भेटले आणि पाण्याचे तंटे सोडविण्यासाठी कायमचे लवाद मंडळ नेमले गेले. मग सिद्धार्थाने घरी परतावे की नाही? तो विचार करतो की दोन शेजाऱ्यांतला झगडा मिटला, परंतु वर्गावर्गांतला झगडा नित्य चालूच आहे. आणि तो परतत नाही.

आपला सारा प्रश्न या एका भेदावर उभा आहे. बांधावरचे भांडण शेजाऱ्याचे की जातीचे? पहिले पाच माणसांनी मिटते. दुसरे बांध सोडून दिला तरी मिटत नाही, कारण त्याला बांध नकोच असतो, त्याला तुम्ही धनी झालात हेच सलत असते. तेथे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे; अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन बळकावणे हा त्याने गुन्हा ठरविला आहे आणि त्याचा आधार घेताना कोणी शरमू नये. पण ५ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की मालमत्तेचा प्रत्येक तंटा केवळ एक पक्ष अनुसूचित जातीचा आहे म्हणून या कायद्यात बसत नाही, कृत्य जातीवरून झालेले असावे लागते. या निकालाने आपल्यातले काही नाराज झाले. पोलीस ठाण्यात त्याचा गैरवापर होईल ही त्यांची भीती मलाही वाटते. तरीही जो झगडा जातीचा नाही त्याला जातीचा करणे हे मुसावादाच्या शीलात बसत नाही, असे माझे मत आहे.

ओळखावे कसे? एक कसोटी घरातच आहे. वतनाच्या जमिनीचे भाऊबंदकीत इतके तुकडे झाले आहेत की कित्येकांचा बांधावरचा शेजारी बौद्धच असतो, बहुधा चुलतभाऊ. बांध त्याने कोरला असता तर मी काय केले असते? आणि मोजणीत बांध माझ्याच अंगाने सरकलेला निघाला, तर मी तो मागे घेईन काय? या दुसऱ्या प्रश्नावर पुष्कळांची जीभ अडखळते.

मोजणी मागणे म्हणजे लोभ, असेही काही उपासक समजतात. त्यांनी एकदा नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर जावे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खुसंघाला शेत दिले, त्याचा लेख दहाव्या लेण्यात आहे. शेत कोणत्या ब्राह्मणाकडून घेतले, ते त्याच्या बापाचे होते, किंमत ४००० कार्षापण, जागा नगराच्या सीमेवर वायव्येस, हे सारे दगडात कोरलेले आहे. घरदार सोडलेल्या भिक्खूंच्या शेताची ही नोंद! मग संसारी माणसाने भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज केला तर त्यात कसले पाप? वाट अडविली असेल तर सहा महिन्यांच्या आत १९०६ च्या कायद्याखाली मामलेदार न्यायालयात दावा लावता येतो. मुदत गेल्यावर हळहळणारे फार.

अर्ज केला की शेजाऱ्याला कार्यालयाची नोटीस जाते. ती पोहोचण्याआधी आपण स्वतः त्याच्या घरी जावे. एकटे जावे, पोराला संगे नेऊ नये. अमुक दिवशी मोजणी आहे, तुम्हीही हजर राहा, दगड जेथे पडेल तो मला मान्य, असे सांगावे. तो बसा म्हणतो की दारातच उभे ठेवतो, आणि पाणी दिलेच तर कोणत्या भांड्यातून देतो, हे पाहावे आणि घरी यावे. भांडण कोणते आहे, त्याचा बराचसा उलगडा तेथेच होतो.