हाक आली की उठावं

पहाटे स्वयंपाकघरातून आई हाक मारते. अंथरुणातून आपण म्हणतो, "आलो!" आणि पुन्हा कूस बदलतो. आलो म्हणणं सोपं. पण हाक आली की उठावं लागतं.

कॅथलिक दीक्षाविधीतही अशीच हाक असते. तिथे धर्मगुरू होणाऱ्या तरुणाचं नाव पुकारतात. तो पुढे येतो, म्हणतो, मी हजर आहे. ही हाक आपल्याला कुठवर नेईल, हे त्याला ठाऊक नसतं.

केरळच्या फादर टॉम उळुन्नालिल यांना ती येमेनमधल्या एडनला घेऊन गेली. युद्ध पेटलं होतं, तरी ते तिथेच राहिले. मार्च २०१६ मध्ये तिथल्या वृद्धाश्रमावर हल्ला झाला. मदर तेरेसांच्या संस्थेच्या चार सिस्टर मारल्या गेल्या. फादरना पळवून नेलं. दीड वर्ष कैद.

श्रोतेहो, त्यांच्यासाठी कोण उठलं? ओमान. तिथले तेव्हाचे सुलतान काबूस यांच्या आदेशानं प्रयत्न झाले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये फादर मुक्त होऊन मस्कतला पोहोचले. हाक परक्या धर्माच्या माणसासाठी होती. ती आपली मानली गेली. मला हे फार मोठं वाटतं.

आपल्याला येणारी हाक बहुधा लहान असते. शेजारच्या आजोबांना दवाखान्यात न्यायचं असतं. रुसलेल्या भावाला फोन करायचा असतो. हाक आली की उठावं. मन तयार होईपर्यंत थांबू नये.

फादर मुक्त होऊन जिथे पोहोचले, त्या मस्कतच्या रुवी भागात शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये गर्दी होते. घरापासून दूर आलेली कष्टाची माणसं येतात. आणि त्यांच्यासाठी, अशीच हाक ऐकून तितक्याच दुरून आलेला एक धर्मगुरू वेदीवर मेणबत्ती लावतो.