मक्ता आणि हद्द
नगरपालिकेने पाण्याचा वा विजेचा मक्ता दिला, दुकानांस परवाने दिले, जुनी वस्ती नव्याने बांधण्यास मंजुरी दिली, की ती त्या नगराची घरगुती बाब समजली जाते. आम्हांस हे मान्य नाही. शहापूर तालुक्यातील तानसा तलाव 1892 पासून मुंबईची तहान भागवीत आहे. त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. बहुमताचा ठराव कायदेशीर खरा. परंतु ज्यांच्यावर त्याचा भार पडतो त्यांस त्या सभेत मतच नसेल, तर तो न्याय्य म्हणावा काय? सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी हुतात्मा झालेले भाई कोतवाल माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. तरी धान्याच्या पेढ्या त्यांनी काढल्या त्या भोवतालच्या शेतकऱ्यांसाठी. मक्त्यास संमती देणाऱ्या सभासदाने तेवढे हद्दीपलीकडे पाहावे.