सामर्थ्य आणि अमानत : नोकरी स्वीकारण्यापूर्वी



पवित्र कुरआनच्या सूरह अल्-कससमध्ये मदयनचा प्रसंग आला आहे. परक्या मुलखात आलेल्या आदरणीय मूसा (अलै.) यांनी दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजले. पुढे त्यांतील एकीने त्यांना कामावर ठेवण्याविषयी वडिलांना सुचविले, तेव्हा दोन गुणांचा उल्लेख केला : सामर्थ्य आणि विश्वासूपणा. नोकरी देणाऱ्याची ही कसोटी आपल्या परिचयाची आहे. मात्र नोकरी स्वीकारणाऱ्यानेही तिच्यावर स्वतःला पारखून घ्यावे, हे आपण सहसा विसरतो.

आज कोकणातील, मराठवाड्यातील अनेक कुटुंबांची मुले परदेशी शिकत आहेत. समजा, अशाच एका घरातील मुलीने अमेरिकेत फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण नुकतेच पूर्ण केले आहे. हा व्यवसाय १९६५ साली ड्यूक विद्यापीठातील शिक्षणक्रमातून उदयास आला. सुमारे सव्वादोन वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा यांनंतर ही व्यक्ती रुग्ण तपासते, निदान करते, औषधे लिहून देते. सामान्यतः डॉक्टरांच्या सहकार्याने.

या मुलीला एका दूरच्या ग्रामीण रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नोकरी देऊ केली आहे. पगार घसघशीत, रुजू होताना ठोक रक्कम, शिवाय शैक्षणिक कर्ज फेडण्यास साहाय्य. अशा भागांत ‘क्रिटिकल ॲक्सेस’ प्रकारची रुग्णालये असतात : खाटा फार तर २५, दुसरे रुग्णालय बरेचदा दूर, पण तातडीची सेवा चोवीस तास. रात्री डॉक्टर इमारतीत असतीलच असे नाही; कित्येक ठिकाणी ते केवळ फोनवर उपलब्ध असतात. १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या अवस्थेत दाराशी आलेल्या रुग्णाला पैशाअभावी परत पाठविता येत नाही. म्हणजे जो येईल, त्याला पाहावेच लागेल.

जिथे कोणी जात नाही तिथे जाऊन सेवा करणे, ही मोठी नेकी आहे. एक प्राण वाचविणे म्हणजे अवघ्या मानवजातीला वाचविणे, हा सूरह अल्-माइदाचा बोध आपण जाणतो. परंतु शुद्ध नियत हाताला कौशल्य शिकवीत नाही. रात्री दोन वाजता गुदमरणाऱ्या माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालायची असते, तेव्हा ते काम पूर्वी किती वेळा आणि कोणाच्या नजरेखाली केले आहे, यावर त्याचा जीव अवलंबून असतो. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा हानीस जबाबदार ठरतो, अशा आशयाची हदीस सुनन अबू दाऊदमध्ये आहे. ही मुलगी अडाणी वैद्य नव्हे, हे खरे. तरीही जे शिकलो त्यापलीकडचे काम एकटीने अंगावर घेताना या इशाऱ्याची आठवण ठेवलीच पाहिजे.

म्हणून होकारापूर्वी प्रश्न विचारावेत. पहिले काही महिने अनुभवी डॉक्टर शेजारी उभे राहतील काय? रात्री बोलाविल्यास ते किती वेळात पोहोचतील? अत्यवस्थ रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलविण्यास किती तास लागतात, आणि हवामान बिघडले तर काय? आधीची व्यक्ती का सोडून गेली? विमा नोकरी संपल्यावरही जुन्या दाव्यांना लागू राहील काय? ठोक रकमेच्या बदल्यात किती वर्षे बांधून घेतले जाईल? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत, ते अमानतीचाच भाग आहेत. उत्तरे लेखी करारात उतरावीत. करार लिहून ठेवण्याचे शिक्षण सूरह अल्-बकराने देवघेवीच्या संदर्भात दिलेच आहे. यानंतर जाणत्यांशी मशवरा करावा आणि इस्तिखारा करावा. इस्तिखारा चौकशीची जागा घेत नाही.

उत्तरे समाधानकारक असतील, तर केवळ भीतीपोटी मागे हटू नये. आदरणीय यूसुफ (अलै.) यांनी आपले ज्ञान ओळखून भांडारांची जबाबदारी स्वतः मागितली होती. उत्तरे डळमळीत असतील, तर नकार हा पळपुटेपणा नव्हे. शाममध्ये प्लेग पसरल्याचे कळताच आदरणीय उमर (रजि.) यांनी सर्ग येथे मुहाजिर, अन्सार आणि कुरैशचे ज्येष्ठ यांचा सल्ला घेतला आणि लोकांसह ते परतले. हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे तर नव्हे ना, असे आदरणीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. तेव्हा एका तकदीरकडून आपण अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. आधी मोठ्या रुग्णालयात दोन-तीन वर्षे हात बसवून मग त्याच गावी जाणे, हीदेखील सेवाच आहे.

आईवडिलांनो, मुलांच्या नोकरीची वार्ता येताच आपला पहिला प्रश्न असतो : पगार किती? यापुढे त्याआधी एक प्रश्न विचारू या : बेटा, अडचणीच्या घटकेला तिथे तुझ्या मदतीला कोण असेल? या प्रश्नाने आपल्या लेकराचे रक्षण होईल, आणि त्या अनोळखी गावातील एखाद्या आईच्या लेकराचेही.

अल्लाह आपल्या मुलांना सामर्थ्य देवो, अमानतीची जाणीव देवो आणि त्यांच्या हातांना शिफा देवो. आमीन.