कंदात जीव किती?

कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत, मोरीचे पाणी मुरते त्या जागी अळू फोफावतो. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक असतात. पाणी साचले की त्यांच्यामधली हवा निघून जाते आणि बहुतेक झाडांची मुळे कुजतात. अळूच्या देठातल्या पोकळ्यांतून हवा मुळांपर्यंत उतरते, म्हणून तो तगतो. पाने सुकली तरी गड्डा जमिनीत जिवंत राहतो. तो फोडून डोळ्यांसह लावला, तर तुकड्यागणिक नवे झाड येते. मग फोडण्यापूर्वी तिथे जीव एक होता की अनेक?

जैन तत्त्वज्ञानाने हा प्रश्न फार गांभीर्याने घेतला. १०व्या शतकातील नेमिचंद्राचार्यांच्या ‘गोम्मटसार’ ग्रंथात वनस्पतीचे दोन भेद येतात. ‘प्रत्येक’ वनस्पतीत एका शरीराला एक जीव. ‘साधारण’ वनस्पतीत एकाच शरीरात अनंत जीव, ज्यांचे जन्म, श्वास आणि मरण एकत्रच होते. ‘साधारण’ वनस्पती ओळखण्याच्या खुणाही दिल्या आहेत: शिरा नि सांधे दिसत नाहीत, मोडल्यास तंतू न राहता सरळ तुकडा पडतो, आणि छाटले तरी पुन्हा उगवते. कंदमुळांना अनंतकाय म्हणतात ते यामुळेच. कंद हाताने मोडून, पुरून, वाट पाहून झालेल्या निरीक्षणाशिवाय अशा खुणा सुचणे अवघड आहे.

ओल्या चिकणमातीचा वाफा या दृष्टीने तर जीवांनी खच्चून भरलेला: माती पृथ्वीकायिक, पाणी जलकायिक, कंद वनस्पतिकायिक. तरीही सांगली-कोल्हापूरकडे जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती करतो. चरितार्थासाठी घडणारी ‘उद्योगी’ हिंसा गृहस्थाला टाळता येत नाही. त्याने सोडायची ती जाणूनबुजून केलेली ‘संकल्पी’ हिंसा. विनाकारण माती उकरणे, पाणी सांडणे, झाडे तोडणे यांना मात्र ‘प्रमादचर्या’ हे नाव देऊन दोष मानले आहे. हा भेद न्याय्य आहे, कारण तो नांगराला नव्हे, बेपर्वाईला अडवतो.

सांगलीची हळद विरळ सावली सोसते, पण अळूसारखे साचलेले पाणी नाही. भारी जमिनीत ती वरंब्यावर किंवा गादीवाफ्यावर लावतात, नाहीतर कंदकुज होते. काढणीनंतर ती शिजवून वाळवतात. त्या हळकुंडाला पुन्हा कोंब फुटत नाही. म्हणून ओली हळद वर्ज्य मानणाऱ्या जैन घरांतही हळकुंडाची पूड रोजच्या आमटीत पडते.