शोकाला सवड

महामारीच्या काळात आपली कुटुंबे अढळ राहिली, असे आपण अभिमानाने सांगतो. पण अढळ राहणे म्हणजे नेमके काय? ज्या घरी पित्याच्या दफनानंतर दुसऱ्याच दिवशी सर्व व्यवहार सुरळीत झाले, ते घर श्रद्धावान. आणि जी माता आजही बोलता बोलता थांबून पदर डोळ्यांना लावते, तिची श्रद्धा उणी, असा एक अलिखित निवाडा आपल्यात रूढ झाला आहे. तो ख्रिस्ती निवाडा आहे, असे आम्हांस वाटत नाही.

सिराक या ग्रंथाचा ३८ वा अध्याय या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. (हा ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये आहे, परंतु घरोघरी तो क्वचितच उघडला जातो.) मृतासाठी अश्रू ढाळावेत, रीतीप्रमाणे त्याचा देह गुंडाळावा, दफनात हयगय करू नये आणि मग सांत्वन पावावे, कारण अतिशोकाने शक्ती खचते, असा तेथील उपदेश आहे. त्यातला क्रम पाहावा. सांत्वन शेवटी येते.

२०२० आणि २०२१ साली हा क्रमच मोडला. देह पिशवीत बंद, अंत्यविधीस वीसांहून अधिक माणसांना मनाई, घरचीच माणसे विलगीकरणात. साथ आवरण्यासाठी निर्बंध हवेच होते. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु देहाला आंघोळ घालणे, ठेवणीतले कपडे चढविणे, रात्रभर जपमाळ म्हणत बसणे, मूठभर माती टाकणे, या कृतींतूनच माणूस गेल्याचे मनाला पटत असते. हातांचे हे काम हिरावले गेले आणि मनाला मात्र तत्काळ शांत होण्याची आज्ञा झाली. सहा वर्षांच्या नातवाला आजी रुग्णवाहिकेतून जाताना दिसली; पुढे ‘देवाघरी गेली’ एवढेच कानी आले. घरात कुणी खोकले की ते मूल आईला बिलगते, यात नवल कसले?

लाजरसाला आपण उठविणार, हे प्रभू येशूला ठाऊक होते. तरीही तो त्याच्या कबरेपाशी रडला. तेव्हा पुनरुत्थानाची आशा आणि अश्रू यांचे वैर नाही. अर्थात चूल कुणीतरी पेटवावीच लागते. जिने ती पेटविली, तिला निष्ठुर म्हणू नये. तिची रडण्याची पाळी अजून यायची असेल.

त्याच अध्यायाचा आरंभ वैद्याच्या सन्मानाने होतो, हेही लक्षणीय आहे. महिनोन्‌महिने झोप उडाली, जगणे नकोसे झाले, तर डॉक्टरांकडे जावे. २०२२ साली शासनाने सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठीच आहे. ‘फादर, मी पापस्वीकार केला, तरी मन उठत नाही,’ असे काहीजण सांगतात. मनाचा आजार हे पापच नव्हे. मग पापक्षमा हे त्याचे औषध कसे होईल?

ज्यांचा निरोप राहून गेला, त्यांच्यासाठी आजही मिस्सा मागता येते. त्या दिवशी मुलांनाही सोबत आणावे, कबरेवर फुले त्यांच्या हातून ठेववावीत, आजीविषयी ती जे विचारतील त्याचे उत्तर द्यावे, आणि घरी परतण्याची घाई करू नये.